आमच्या घरात कोणी घेत नाही

नाशिक
मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रिय दादा,

जय भीम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. पावसामुळे आईचा गुडघा दुखतो, पण विहारात जायचं म्हटलं की दुखत नाही. वर्षावासाचं वाचन रोज संध्याकाळी असतं आणि ती सगळ्यात पुढच्या सतरंजीवर बसते.

फोन वहिनीकडे असतो आणि तो नेहमी स्पीकरवर असतो. म्हणून पत्र. तू पोस्टात लागलास तेव्हा म्हणाला होतास, घरच्यांनी तरी मला धंदा द्या. आता तू रजेवर आहेस, पण इगतपुरीच्या पोस्टात तुझ्या नावाचं पाकीट आलं तर कोणीतरी घरी आणून देईल.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलात तू बाहेर बाकावर झोपला होतास. आत काय झालं ते वहिनीने तुला थोडक्यात सांगितलं असेल. मी नीट सांगते. तुझं लिव्हर आता औषधांनी सुधारणार नाही. बदलावं लागेल. दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा काढून तुला बसवायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. वहिनीचा रक्तगट जुळत नाही, आईचं वय झालं. राहिलो तुझी तेजल आणि मी. तेजलचं नाव निघाल्यावर तू वहिनीला काय बजावलंस ते मला कळलं. पोरीच्या पोटाला चाकू लावायचा नाही. वहिनीने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. म्हणजे राहिले मी एकटी.

माझा रक्तगट जुळतो. पण माझ्या लिव्हरवर चरबी आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. असं लिव्हर कापून दिलं तर तुला उपयोग नाही आणि मला धोका. वजन एक्याऐंशी भरलं. सत्तरपर्यंत आणा, मग परत तपासू, असं म्हणाले. फार दिवस लावू नका, हेही म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "ड्रिंक्स वगैरे घेता का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आमच्या घरात कोणी घेत नाय, डॉक्टर. आमचं घर पंचशीलाचं हाय. लोक उगं माझ्या लेकावर संशय घेत्यात, पण त्यानं कधी थेंबाला हात लावला नाय."

डॉक्टर हसले. "आजी, तुमच्या मुलाचा आजार काविळीच्या विषाणूचा आहे. दारूचा नाही. मी यांना विचारतोय."

"ती पण माझीच लेक हाय," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं. साखर, रक्तदाब, मागे कधी ऑपरेशन. एवढंच झालं.

आता माझा दिवस ऐक. सकाळी नाचणीची पेज. दुपारी उकडलेली मटकी आणि काकडी. भात बंद, गूळ बंद, रात्रीची भाकरी बंद. कंपनीची गाडी संध्याकाळी द्वारका चौकात सोडते, मी त्याच्या आधीच उतरते आणि चालत घरी येते. शेजारच्या भागीबाई ओट्यावर बसलेल्या असतात. परवा म्हणाल्या, "काय गं उज्वला, पाहायला येणारेत का कोणी?" मी म्हटलं, "या वयात?" तेवढ्यात आई दारातून ओरडली, "भावाला लिव्हर देणारे ती!" आता गल्लीभर झालं आहे. मी वडापावच्या गाडीजवळ उभी राहिले तरी कोणीतरी हटकतं.

माझं काम तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. वाइनची कंपनी म्हटलं की तू विषय बदलतोस. पण मी काय करते ते तू तुझ्या पोस्टातल्या लोकांना बरोबर सांगितलं होतंस. मुंबईहून पाहुणे येतात, त्यांच्यापुढे ग्लास मांडायचे, वास कसा घ्यायचा ते सांगायचं, शेवटी बाटल्या विकायच्या. आम्ही लोक चाखतो ते तोंडात फिरवून भांड्यात थुंकतो. दिवसभर चाखायचं तर थुंकावंच लागतं. तू सांगितलं होतंस, माझी बहीण वाइन थुंकायची नोकरी करते. ते हसले होते.

या महिन्यात आम्ही एक नवी पांढरी वाइन उघडली आहे. तिला पिकलेल्या पेरूचा वास येतो. पहिल्यांदा आंबट लागते, गिळल्यावर जिभेच्या कडेला थोडी कडू राहते. पाहुण्यांना आवडते.

वजन उतरेल. तू त्याची काळजी करू नकोस. पोटातलं पाणी परत काढलं का, ते कळव.

तुझी,
उज्वला


नाशिक
मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. अक्षर ओळखू आलं नाही. पाकिटावर पत्ता वहिनीने घातला होता, आतलं तूच लिहिलं होतंस, आणि त्या दोन्हींपैकी तुझंच अक्षर मला परकं वाटलं. हल्ली दुपारी वार आठवत नाही, असं तू लिहिलं आहेस. वहिनी फोनवर म्हणाली की एका सकाळी तू तेजलला आई म्हणून हाक मारलीस. आजारात असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तू घाबरू नकोस. आम्ही घाबरलेल्या नाही.

काल काट्यावर एकाहत्तर भरलं. पुढच्या मंगळवारी तपासणी आहे.

पौर्णिमेला विहारात खीर होती. वंदना झाल्यावर आई उठून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना सांगितलं. माझ्या लेकीनं भावासाठी अन्न सोडलं, म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वत्सलाबाईंनी माझ्या गालावर हात ठेवला. "निम्मी झाली पोर. असं बहिणीचं काळीज पाहिजे." मी खिरीची वाटी हातात धरून उभी होते. कोणीतरी म्हणालं, अहो तिला काय देता, तिचं पथ्य हाय, आणि वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मला खाली बसावंसं वाटत होतं. बसता आलं नाही, कारण सगळे बघत होते.

काउंटरवर माझ्याबरोबर चैताली असते. तिशीतली आहे, जीभ तिखट. रोज सकाळी माझ्या कमरेकडे बघून म्हणते, "मॅडम, पँटला आता सुतळी बांधा, पाहुण्यांसमोर इज्जत जाईल." तिचं एक मत आहे. दारूने कोणी जाड होत नाही, चकण्याने होतं. "आमचे बाबा बघा," ती म्हणते, "नुसती पितात, खात नाहीत. काडी आहेत काडी." मी तिला म्हटलं, त्यांचं लिव्हर कधी तपासलंस का? ती म्हणाली, "मॅडम, काडीला कसलं लिव्हर."

हसायला येतं. मी हसले.

कामाचं एक तुला माहीत नसेल. दिवसभर उघडलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना देता येत नाहीत. हवा लागली की चव उतरते. संध्याकाळी त्यांत थोडं थोडं उरलेलं असतं. ते ओतून देतात. नाहीतर मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही लोक संपवतो. तिथून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. काही जण घेतात, काही जण नुसते बसतात. गाडी सुटायला वेळ असतो.

ही कोरडी वाइन. हिच्यात साखर जवळजवळ नसते. बिअरने पोट सुटतं, गोड वाइनने सुटतं, कोल्ड्रिंक घालून घेतलेल्या कशानेही सुटतं. या एका ग्लासात एका भाकरीएवढ्या कॅलरी असतील, फार तर. भाकरी सोडली की बरोबरी होते. दोन भाकऱ्या सोडल्या की दोन. हे चैतालीचं शास्त्र नाही, कंपनीत आम्हाला शिकवलेलं आहे. पाहुणे विचारतात म्हणून. मुंबईच्या बायका फार विचारतात, डाएटवर असताना यातलं काय चालेल. मी त्यांना सांगते, खाणं मोजा, बाकी ग्लासाचं मी बघते. त्या खूश होतात.

दिवसभर मी लोकांना सांगत असते, वास घ्या, घाई करू नका, घोट तोंडात ठेवा. संध्याकाळी त्या पायरीवर कोणाला काही सांगायचं नसतं. घरी आई आहे, गल्ली आहे, विहार आहे. फोनवर वहिनी आहे. त्या सगळ्यांशी मी नीट वागते. मधला तो एक तास मी कोणाशीच वागत नाही. ग्लास थंड असतो, बाहेरून त्याला पाणी सुटलेलं असतं. एवढं तुला समजेल असं वाटतं. नाही समजलं तरी चालेल.

वजन उतरतं आहे. काट्याला सगळं मान्य आहे.

शनिवारी तेजल हॉस्टेलवरून कंपनीत आली होती. कॉलेजचं प्रॅक्टिकल लवकर संपलं म्हणून, वहिनीने माझ्यासाठी दिलेली जवसाची चटणी घेऊन. बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण वॉचमनने मागे पाठवलं. मी पायरीवर होते. ती माझ्याशेजारी बसली. फार्मसीचं दुसरं वर्ष कठीण आहे म्हणाली. नंतर तिने मला एक गोष्ट विचारली. मी उत्तर दिलं. मग आम्ही गाडीत बसून द्वारकेला उतरलो. वाटेत ती बोलली नाही. परीक्षेचा ताण असेल. तिला त्याबद्दल काही विचारू नकोस.

तपासणी झाली की वहिनी फोन करेलच.

तू फक्त टिकून राहा.

उज्वला


नाशिक
गुरुवार, २७ नोव्हेंबर

दादा,

जय भीम. हे पत्र सलग वाच. मध्येच थांबून वहिनीला फोन लावायला सांगू नकोस. तुला दुपारी गुंगी येते, म्हणून हे तुझ्या हातात सकाळी पडेल असं बघते आहे.

तपासणीत मी बसत नाही, एवढं तुला कळलं आहे. त्या दिवशी काय झालं ते कळलेलं नाही.

डॉक्टरांनी आधी वजन पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास." मग पडद्यावर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अकरा किलो उतरलं तुमचं. लिव्हरवरची चरबी होती तिथेच आहे. असं कसं, उज्वलाताई?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक मुलगी होती, समुपदेशक. तिने दार लावून घेतलं. प्रत्येक देणाऱ्याशी आम्ही एकट्याने बोलतो, म्हणाली. घरून दबाव आहे का? भीती वाटते का? "द्यायचं नसेल तर इथे मोकळेपणाने सांगा. आम्ही बाहेर एवढंच सांगतो की तपासणीत बसत नाही. कारण सांगत नाही. तुमच्या भावालाही नाही."

मी म्हटलं, "पण मी खरंच बसत नाही."

"हो," ती म्हणाली. "म्हणून विचारते. आणखी काही सांगायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही."

बाहेर आई आणि वहिनी उभ्या होत्या. मी मान हलवली. आई म्हणाली, "एवढी उपाशी राह्यली पोर." वहिनीने मला जवळ घेतलं. दादा, वहिनीने माझी समजूत काढली. तिचा हात माझ्या पाठीवर फिरत होता आणि मी रडत होते, पण मला दुःख झालेलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटत होतं. माझं पोट आता कोणी कापणार नव्हतं. कोणी काही म्हणणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, संध्याकाळी पायरीवर बसून दोन ग्लास घेतले. ते मला चांगले लागले. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मी पिते. काउंटरवर थुंकते. काम संपल्यावर थुंकत नाही. काही वर्षं झाली. अंगाला येणारा वास कामावरचा आहे असं आई समजते, कारण मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं. मी कधी झोकांडी खाल्ली नाही, एक दिवस काम चुकवलं नाही, कोणाला वेडंवाकडं बोलले नाही. व्यसन असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. लोक निदान कीव करतात. मला ती नुसती आवडते. आईने डॉक्टरांना उत्तर दिलं तेव्हा मी गप्प बसले, कारण तिचा चेहरा बघून मला बोलवलं नाही. नंतर गप्प राहिले ते मात्र तिच्यासाठी नाही. डॉक्टरांना एकटीने फोन करता आला असता. मी भाकरी सोडली, भात सोडला, गूळ सोडला. सोडायची होती ती तेवढी ठेवली. आणि काटा खाली येत गेला तसतसं मला वाटायला लागलं की आपण दोन्ही सांभाळतो आहोत.

आता तेजल.

त्या शनिवारी ती पायरीवर माझ्याशेजारी बसली तेव्हा माझ्या हातात ग्लास होता. लपवायला उशीर झाला होता. मी घोट घेतला. ती म्हणाली, "आत्या, तू थुंकली नाहीस."

मी म्हटलं, "कधी कधी घेते."

तिने विचारलं, "डॉक्टरांना माहितीये?"

मी म्हटलं, "माझं वजन उतरतंय ना?"

हे उत्तर मी दिलं. ती फार्मसी शिकते. तिला यातलं कळतं, माझ्याहून जास्त. ती ग्लासाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चटणी फ्रीजमध्ये ठेवू नकोस, दगड होते."

माझा निकाल आला त्याच आठवड्यात तिने तुला सांगितलं की मी देते. तू तिच्यावर ओरडलास. तुझ्या आवाजात एवढी ताकद उरली आहे याचंच वहिनीला नवल वाटलं. मग ती रोज फोनवर तेच म्हणत राहिली. रविवारी तू बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडलास आणि शेवटी मान हलवलीस, असं वहिनीने मला सांगितलं. वहिनी फोनवर रडत होती आणि म्हणत होती, एवढ्याशा पोरीला एवढं धैर्य कुठून आलं अचानक.

अचानक आलेलं नाही. मी नापास होणार हे तिला माहीत होतं. ती फक्त तपासणी होईपर्यंत थांबली होती, मी तोपर्यंत तरी काही करीन म्हणून. मी केलं नाही. तिने तुम्हाला काही सांगितलं नाही. माझं नाव झाकलं आणि स्वतःचं पोट पुढे केलं. विशीतली पोर आहे.

वहिनीचा फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मंगळवारी सुट्टी होती, घरात बसून काढली. काल कामावर जायच्या आधी एकटीच डॉक्टरांकडे गेले.

त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला."

"आईने उत्तर दिलं."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. वजन उपाशी राहून उतरतं, पण वरून दारू चालू असेल तर लिव्हर आपली चरबी सोडत नाही. आता पूर्ण बंद केली, नीट जेवले, तर दोनेक महिन्यांत फरक पडू शकतो. पडेलच असं नाही. मी विचारलं, दादाला तेवढं थांबता येईल का? ते म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही." रक्ताची एक तपासणी असते. मागच्या काही आठवड्यांत घेतलेली दारू तिच्यात दिसते. यापुढे ती वरचेवर करावी लागेल, कारण आता आम्ही तुमच्या शब्दावर जाणार नाही, असं म्हणाले. सोमवारी पहिली.

निकाल कुठे पाठवायचा, असं तिथल्या बाईने विचारलं. मी वहिनीचा नंबर दिला.

आज रजा घेतली आणि सकाळी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"आई, मी घेते."

"काय घेती?"

"वाइन. कामावरची."

"औषधावानी?"

"नाही. आवडते म्हणून."

ती निवडत राहिली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, "मी डॉक्टरला सांगितलं तवा तू माझ्या शेजारी बसली होती."

"हो."

"मंग तवाच म्हणायचं ना, आई तू गप बस. काय झालं असतं? माझी लाज गेली असती. चार लोकांत गेली असती. जाऊ द्यायची होती." तिचा आवाज चढला नाही. "पोरीचं पोट तरी वाचलं असतं."

तिने भाजी धुतली, फोडणी दिली, भाकरी थापली. माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी दोन ताटं वाढली. माझ्या ताटात तिने भाकरी ठेवली आणि म्हणाली, "खा. उपाशी राहून काय मिळवलं ते पाह्यलं." मी खाल्ली. ती बोलली ते तेवढंच. विहारात आज वंदनेला ती गेली नाही. गुडघा दुखतो, म्हणाली.

चैतालीला सांगितलं की मला काउंटर नको, ऑफिसात बुकिंगचे फोन घेईन. ती म्हणाली, "मॅडम, एवढं काय त्यात? सोडा टाकून घ्या." साहेबांनी एक तारखेपासून बदली दिली आहे. काल काम सुटल्यावर मी गाडीतच जाऊन बसले. काचेतून पायऱ्या दिसत होत्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेही तुला कळू दे. मला शपथ घ्यायची नाही. दारू न घेण्याचं पाचवं शील मी लहानपणापासून सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत आले, त्याने मला कधी अडवलं नाही. परवा घरात बसून होते, काल घेतली नाही, आज घेतली नाही. याहून मोठं काही माझ्याकडे दाखवायला नाही.

आणि मला कापून घ्यायची भीती वाटते. अजून वाटते. घाबरत घाबरत मला ते करता येईल का, हे मला माहीत नाही. करायचं आहे एवढं माहीत आहे, आणि हे कालपर्यंत माहीत नव्हतं.

आता तुझ्याकडे मागायचं ते.

तेजलच्या तपासण्या सोमवारी होऊ देत. त्या थांबव असं मी म्हणत नाही. त्या थांबवल्या आणि मी पुन्हा नापास झाले तर तुझ्याकडे काहीच उरणार नाही. पण ऑपरेशनची तारीख लगेच ठरवू नकोस. तू स्वतः डॉक्टरांना विचार, किती थांबता येईल. वहिनीला विचारायला सांगू नकोस, ती तेजलसमोर विचारेल. थांबता येत असेल तर माझी वाट बघ. दर वेळी माझा निकाल वहिनीच्या फोनवर येईल. सोमवारच्यात आधीची दिसेलच; त्यानंतर एकदा जरी खोट निघाली तर मला विचारायला येऊ नका, तारीख ठरवा. थांबता येत नसेल तर माझ्यासाठी एक दिवसही घालवू नकोस. पोरीचं घे आणि जग. तिच्या पोटावरचा टाका माझ्या नावाचा असेल. तो मी बघेन. तुला त्याचं ओझं घ्यायचं कारण नाही.

तू माझ्यावर रागावलास तर मला समजेल. तेजलवर रागावू नकोस, तिने लपवलं म्हणून. तिला मी सांगितलं आहे की मी तुला लिहिते आहे. ती म्हणाली, "आत्या, बाबांना जमेल का वाचायला?" मी म्हटलं, जमेल. तिच्या हॉस्टेलच्या नळाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बरं."

हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या गाडीने इगतपुरीला येते. वहिनीच्या हातात पाकीट देईन आणि तुमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसेन. आत येणार नाही. तू पूर्ण वाच. अक्षरं हलायला लागली तर थोडा पडून राहा, मग वाच. मला घाई नाही.

दार उघडलंस तर मी आत येईन. नाही उघडलंस तर दुपारच्या गाडीने परत जाईन, आणि सोमवारी तेजलच्या आधी हॉस्पिटलात जाऊन बसेन. रक्त द्यायला मला तुझ्या हो-नाहीची गरज नाही.

दाराबाहेर,
उज्वला